आयकर विवरणपत्र : संगणकावर स्वतः भरावे की सी.ए.कडे सोपवावे?

जून महिना उजाडला की कराम्यातल्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे गावी जायची तिकिटे आणि दुसरा म्हणजे भारतातले आयकर विवरणपत्र. "गेल्या वर्षी सी.ए.ने एवढे पैसे घेतले, यंदा संगणकावर आपणच भरले तर चालेल का हो?" असे मला दरवर्षी चार-पाच जण तरी विचारतात. काही जण याच्या उलट टोकाचे असतात. एनआरओ खात्यात वर्षाला पाच-दहा हजार रुपये व्याज जमा होते आणि त्यासाठी गावच्या ओळखीच्या सल्लागाराला ते मुकाट्याने फी पाठवत राहतात. या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हा लेख आहे.

आधी एक खुलासा करतो. मी स्वतः सनदी लेखापाल नाही. दुबईतील एका व्यापारी कंपनीच्या हिशेब खात्यात मी नोकरी करतो आणि माझे स्वतःचे विवरणपत्र स्वतः भरतो. शेजारीपाजारी, मित्रमंडळींचे कागद पाहण्याचा योग वारंवार येतो. त्यातून जे समजले, ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. कराम्यातले टायपिंग सेंटर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. व्हिसाचा अर्ज असो की एमिरेट्स आयडीचा, आपण सांगू ते तो बिनचूक टाइप करून देतो. पण मुळात कोणता अर्ज करायचा, हे आपल्याला माहीत असावे लागते. विवरणपत्र भरण्याची संगणक प्रणाली नेमकी तशीच आहे. बेरीज-वजाबाकीत ती चुकत नाही. अनिवासी भारतीयांच्या बाबतीत चूक होते ती गणिताच्या आधी विचारलेल्या चार प्रश्नांच्या उत्तरांत. ती उत्तरे तुम्हाला खात्रीने देता येत असतील तर प्रणाली पुरेशी आहे. येत नसतील तर सल्लागाराची फी वाचवणे महागात पडते.

मुळात विवरणपत्र कोणी भरायचे?

इथल्या पगारावर संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तिगत आयकर नाही. तुम्ही भारताच्या कायद्याने अनिवासी असाल, तर हा पगार भारतातही करपात्र होत नाही. तो एनआरई खात्यात पाठवला तरी फरक पडत नाही. एनआरई आणि एफसीएनआर ठेवींचे व्याजही अनिवासी व्यक्तीला करमुक्त आहे. इथे स्वतःचा व्यवसाय असलेल्यांना २०२३ साली लागू झालेला कंपनी कर पाहावा लागतो, पण तो वेगळा विषय आहे.

भारतात कर लागतो तो भारतात मिळालेल्या किंवा तिथे उपजलेल्या उत्पन्नावर. आपल्या लोकांच्या बाबतीत ते साधारणपणे चार प्रकारचे असते : एनआरओ खात्यावरचे व ठेवींचे व्याज, डोंबिवली-ठाणे-पुण्याच्या फ्लॅटचे भाडे, शेअर व म्युच्युअल फंडांतील नफा आणि घर किंवा जमीन विकून झालेला भांडवली नफा.

हे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. जुन्या करपद्धतीत ही मर्यादा अडीच लाख रुपये आहे. नव्या पद्धतीत ती २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून चार लाख रुपये झाली. इथे एक बाब लक्षात घ्यावी. जुन्या पद्धतीत ज्येष्ठ नागरिकांना असलेली वाढीव मर्यादा फक्त निवासी ज्येष्ठांना आहे. मुलाकडे इथे राहणाऱ्या आणि अनिवासी ठरलेल्या आजी-आजोबांना ती मिळत नाही.

उत्पन्न मर्यादेच्या आत असले तरी वर्षभरात मुळातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, पंचवीस हजार रुपये किंवा अधिक झाला, तर २०२२ साली आलेल्या नियमाप्रमाणे विवरणपत्र भरावे लागते. एनआरओ व्याजावर बँक उपकरासह ३१.२ टक्के कर कापते. म्हणजे वर्षाला ऐंशी-एक हजार रुपये व्याज मिळाले की आपण या नियमात आलोच. शिवाय कापलेला जादा कर परत हवा असेल, तर विवरणपत्राशिवाय मार्ग नाही.

संगणकावर कोणकोणते पर्याय आहेत?

पहिला पर्याय आयकर खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा. ते सध्याच्या स्वरूपात जून २०२१ मध्ये सुरू झाले. तिथे विवरणपत्र भरायला एक पैसाही लागत नाही. बँकेचे व्याज, कापलेला कर, लाभांश अशी बरीच माहिती आधीच भरलेली मिळते. सोबत दोन दस्तऐवज पाहता येतात. एक 'फॉर्म २६ एएस', ज्यात कापलेल्या कराची नोंद असते. दुसरे वार्षिक माहितीपत्रक, ज्याला एआयएस म्हणतात. त्यात ठेवी, शेअर, फंड, मालमत्ता अशा व्यवहारांची नोंद असते.

दुसरा पर्याय खाजगी कंपन्यांच्या प्रणालींचा. क्लिअरटॅक्ससारख्या कंपन्या फी घेऊन हेच काम अधिक सोप्या प्रश्नोत्तरांच्या रूपात करून देतात. जास्त फी दिल्यास त्यांचा माणूसही कागद पाहतो. म्युच्युअल फंडांचे किंवा शेअरचे भरपूर व्यवहार असतील, तर त्यांची विवरणे एकदम चढवण्याची सोय उपयोगी पडते.

या दोहोंत साधे उत्पन्न असलेल्याला माझी शिफारस खात्याच्या मोफत संकेतस्थळाची राहील. सुरुवातीला किचकट वाटते, पण दोन वर्षांत हात बसतो.

मात्र आधीच भरून आलेली माहिती म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. भाडे तिथे बहुधा नसतेच. फंडाच्या युनिटची खरेदी किंमत नेहमी बरोबर असेल असे नाही. संयुक्त खात्याचे सगळे व्याज पहिल्या नावावर दिसते. बँकेचा उतारा समोर ठेवून एकेक आकडा ताडून पाहावा.

प्रणाली विचारते, उत्तर आपण द्यायचे : चार प्रश्न

१. तुम्ही निवासी की अनिवासी? हा पहिलाच रकाना सर्वांत महत्त्वाचा. रेसिडेन्स व्हिसा आहे म्हणून कोणी आपोआप अनिवासी ठरत नाही. भारतात किती दिवस राहिलात यावर ते ठरते आणि मोजणी १ एप्रिल ते ३१ मार्च अशी होते. सुट्टीवर येणाऱ्या भारतीय नागरिकाला साधारण नियम १८२ दिवसांचा आहे. पण २०२०-२१ पासून यात बदल झाला. भारतातले उत्पन्न पंधरा लाखांपेक्षा जास्त असेल आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस किंवा अधिक भारतात राहणे झाले असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. शिवाय पंधरा लाखांवर भारतीय उत्पन्न असलेला आणि कोणत्याही दुसऱ्या देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक एकही दिवस भारतात न राहता 'मानीव निवासी' धरला जाऊ शकतो. अशा व्यक्तीचा इथला पगार सहसा करपात्र होत नाही, पण दर्जा बदलतो आणि विवरणपत्रातली उत्तरेही बदलतात.

दुबई विमानतळावर स्मार्ट गेटमधून गेले की पारपत्रावर शिक्का पडत नाही. म्हणून भारतात उतरल्याची व परत निघाल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतात धरून मोजावे. तसे करूनही मर्यादेच्या आत राहिलात तर वादाला जागा उरत नाही.

२. कोणता फॉर्म? अनिवासी व्यक्तीला 'सहज' म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. उत्पन्न केवळ व्याजाचे असले तरी आयटीआर-२ भरावा लागतो. भारतातल्या भाच्याने किंवा पुतण्याने मदत म्हणून स्वतःच्या सवयीने आयटीआर-१ भरून टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्या फॉर्मचा अर्थच मुळी 'मी निवासी आहे' असा होतो. मग खात्याच्या नोंदीत तुम्ही निवासी, बँकेच्या नोंदीत अनिवासी, आणि पुढे खुलासे देत बसायचे!

३. बारा लाखांपर्यंत कर नाही, हे खरे ना? २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला. बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो तो एका विशेष सवलतीमुळे आणि ती सवलत फक्त निवासी व्यक्तींना आहे. समजा दोघा भावांचे भारतातले करपात्र उत्पन्न २०२५-२६ मध्ये प्रत्येकी नऊ लाख रुपये आहे. एक सांगलीत राहतो, दुसरा कराम्यात. नव्या पद्धतीत सांगलीच्या भावाला कर शून्य. कराम्यातल्या भावाला चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे वीस हजार, त्यापुढच्या एक लाखावर १० टक्के म्हणजे दहा हजार आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे एकूण ३१,२०० रुपये भरावे लागतात. दर्जा योग्य निवडला तर प्रणाली हे गणित स्वतः बरोबर करते. दर्जा चुकला तर शून्य कर दाखवून अभिनंदनही करते!

असाच दुसरा फरक भांडवली नफ्याचा. निवासी व्यक्तीचे बाकी उत्पन्न कमी असेल तर उरलेली करमुक्त मर्यादा तिला शेअर, फंड किंवा घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यासमोर वापरता येते. अनिवासीला ती मुभा नाही.

४. करारातील सवलत घ्यायची का? भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९९२ साली झाला. त्यानुसार इथल्या रहिवाशाच्या भारतातील व्याजावर जास्तीत जास्त १२.५ टक्के कर घेता येतो, एरवी कापल्या जाणाऱ्या ३१.२ टक्क्यांऐवजी. त्यासाठी इथल्या फेडरल टॅक्स ऑथॉरिटीकडून कर-रहिवासाचा दाखला घ्यावा लागतो आणि भारताच्या संकेतस्थळावर 'फॉर्म १०एफ' भरावा लागतो. दाखल्यासाठी इजारी, पगाराचे पत्र, बँकेचे उतारे आणि येण्या-जाण्याचा अहवाल तयार ठेवावा. करारानुसार इथला रहिवासी ठरण्यासाठी कॅलेंडर वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, १८३ दिवस इथे राहणे झालेले असावे लागते. भारतातली मोजणी एप्रिल-मार्चची आणि करारातली जानेवारी-डिसेंबरची. दोन पंचांगे एकदम सांभाळावी लागतात!

सी.ए. नेमके काय करतो?

चांगला सी.ए. नुसते आकडे भरत नाही. वर्ष संपण्याआधी तो प्रश्न विचारतो. गावचे जुने बचत खाते एनआरओमध्ये बदलले का? (परदेशी नोकरीला आल्यावर साधे निवासी बचत खाते चालू ठेवता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.) भाडेकरू कर कापतो का? पॅनच्या नोंदीत तुमचा दर्जा अनिवासी असा केला आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व २०२३ च्या जुलैत अनेकांना कळले. आधार जोडण्याची सक्ती अनिवासींना नव्हती, पण खात्याच्या नोंदीत ज्यांचा दर्जा बदललेला नव्हता अशांचे पॅन निष्क्रिय झाले.

कायद्याचा अर्थ लावण्याची गरज जिथे पडते, तिथे तर सल्लागार हवाच. म्युच्युअल फंडाचे युनिट म्हणजे कंपनीचा शेअर नव्हे, म्हणून त्यावरील नफ्याला वरील कराराप्रमाणे भारतात कर लागू नये, असा निकाल आयकर अपील न्यायाधिकरणाच्या कोची पीठाने २०१९ साली यूएईत राहणाऱ्या एका करदात्याच्या बाजूने दिला. हा दावा विवरणपत्रात कुठे, कसा आणि कोणत्या कागदांच्या आधाराने मांडायचा, आणि मांडावा की नाही, हे प्रणाली सांगणार नाही.

एनआरओ खात्यातून मोठी रक्कम इथे आणायची असेल, तर एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे. त्यासाठी कर भरल्याबद्दलचा सी.ए.चा दाखला बँक अनेकदा मागते. असा दाखला सनदी लेखापालच देऊ शकतो, दुसरे कोणी नाही.

काही ठोस उदाहरणे

पहिले कुटुंब : फक्त ठेवीचे व्याज. एनआरओ खात्यात वीस लाखांची मुदत ठेव, सात टक्के दर, वर्षाचे व्याज १,४०,००० रुपये. बँकेने ३१.२ टक्क्यांनी ४३,६८० रुपये कापले. दुसरे उत्पन्न नाही. व्याज करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने कर शून्य आणि सगळेच्या सगळे ४३,६८० रुपये परत मिळतात. हे आयटीआर-२ खात्याच्या संकेतस्थळावर एका सकाळी भरून होते. इथे सी.ए.ची गरज नाही. पहिल्या वर्षी एखाद्या जाणकाराला शेजारी बसवावे, पुढच्या वर्षापासून स्वतः करावे.

दुसरे कुटुंब : एका फ्लॅटचे भाडे. भाडे महिना पंचवीस हजार, वर्षाचे तीन लाख. त्यातून भरलेली महानगरपालिकेची घरपट्टी आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घरपट्टी सोडून धरले तरी करपात्र रक्कम २,१०,००० वर येते, म्हणजे कर शून्य. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने ३१.२ टक्के म्हणजे ९३,६०० रुपये कापून सरकारजमा करायचे असतात. हा नियम बहुतेक भाडेकरूंना माहीत नसतो. त्यामुळे विवरणपत्र स्वतः भरता येईल, पण भाडेकरूच्या कर-कपातीची घडी एकदा सी.ए.कडून बसवून घ्यावी. म्हणजे पहिल्या वर्षी सल्लागार, पुढे स्वतः.

तिसरे कुटुंब : घराची विक्री. २०१० साली पस्तीस लाखांना घेतलेला फ्लॅट आता ऐंशी लाखांना विकायचा आहे. नफा पंचेचाळीस लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना पर्याय जुन्या घरांसाठी शिल्लक ठेवला, तो फक्त निवासी करदात्यांना. उपकर धरून या कुटुंबाचा कर होतो सुमारे ५,८५,००० रुपये.

पण विकत घेणारा कर कापतो तो पूर्ण किमतीवर. ऐंशी लाखांवर १२.५ टक्के, त्यावर अधिभार व उपकर धरून १४.३ टक्के, म्हणजे ११,४४,००० रुपये. साडेपाच लाखांहून अधिक रक्कम परतावा येईपर्यंत अडकून पडते. व्यवहाराच्या आधीच आयकर अधिकाऱ्याकडून कमी कर-कपातीचा दाखला मिळवला तर हे टळते. मात्र दाखला यायला काही आठवडे लागतात आणि पैसे हाती येण्यापूर्वी तो मिळायला हवा. दुसरा धोका असा की घेणारा म्हणतो, "मी नेहमीप्रमाणे १ टक्का कापतो." तो १ टक्का निवासी विक्रेत्यासाठी आहे. विक्रेता अनिवासी असताना तसे केले तर नोटीस घेणाऱ्याला येते आणि तो तुमच्या दारात येतो. नवे घर घेऊन किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत गुंतवून कर वाचवण्याचाही विचार याच वेळी करायचा असतो. इथे सी.ए. हवाच आणि तो विक्रीनंतर नव्हे, बयाणा घेण्याच्या आधी.

चौथे कुटुंब : कायमचे परत जाणारे. ज्या वर्षी इथला व्हिसा रद्द करून परत जाल, त्या वर्षी निवासी दर्जा सर्वांत नाजूक असतो. बरीच वर्षे बाहेर राहिलेल्यांना परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे 'निवासी पण सर्वसाधारण निवासी नव्हे' असा मधला दर्जा मिळू शकतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नाला सहसा भारतात कर लागत नाही. तो संपल्यावर मात्र इथली बँक खाती, गुंतवणूक सगळे विवरणपत्रात दाखवावे लागते. जाण्याची तारीख महिनाभर पुढे-मागे केल्याने फरक पडू शकतो. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

सी.ए. निवडताना

१. तो खरोखर सनदी लेखापाल आहे का, ते पाहावे. प्रत्येकाला इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा सदस्य क्रमांक असतो आणि तो तपासता येतो. २०१९ पासून सी.ए.च्या दाखल्यांवर यूडीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, त्यावरून दाखला खरा की खोटा हे कळते. या संस्थेची दुबईतही शाखा आहे.

२. अनिवासींची किती विवरणपत्रे भरता, असे सरळ विचारावे. गावचे आपले काका चाळीस वर्षे दुकानदारांचे हिशेब उत्तम सांभाळत असतील, पण भारत-यूएई करार त्यांच्या नेहमीच्या कामातला नसतो. यात कमीपणा नाही. हाडांच्या डॉक्टरकडे आपण डोळे दाखवायला जात नाही.

३. फीत काय काय आले, ते लिहून घ्यावे. नोटीस आली तर उत्तर देण्याचे वेगळे पैसे पडतात का, हे आधीच ठरवावे.

४. "परताव्याच्या इतके टक्के द्या" असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर पडावे. फी निकालावर अवलंबून ठेवायला सी.ए.ना त्यांच्या आचारसंहितेने मनाई आहे. जो तसे मागतो तो एक तर सी.ए. नाही किंवा नियम पाळणारा नाही. खोट्या देणग्या, खोटे विमा हप्ते दाखवून परतावा मिळवून देणाऱ्यांविरुद्ध आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर तपासण्या केल्या. विवरणपत्रावर सही तुमची असते, जबाबदारीही तुमचीच.

दोघांनाही लागू असलेली पथ्ये

संकेतस्थळावर भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल आपलाच नोंदवावा. सोयीसाठी सल्लागाराचा पत्ता दिलेला असतो, मग खात्याची पत्रे त्याच्याकडे जातात आणि तो सल्लागार बदलला की आपल्याला काहीच कळत नाही. सदोष विवरणपत्राची नोटीस आली तर उत्तराला पंधरा दिवसच मिळतात.

विवरणपत्र पाठवले म्हणजे काम संपले असे नाही. तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, नाही तर ते भरलेच नाही असे धरले जाऊ शकते. आधारचा ओटीपी भारतीय मोबाइलवर येतो. ते सिम बंद पडले असेल तर भारतातल्या बँकेच्या नेट बँकिंगमधून पडताळणी करता येते. सही केलेला कागद पोस्टाने बंगळुरूला पाठवण्याचा मार्गही आहे, पण इथून तो जिकिरीचा.

३१ जुलै ही आपल्यासारख्यांची नेहमीची शेवटची तारीख. कधी मुदत वाढते, जशी २०२५ साली १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण त्या भरवशावर राहू नये. उशीर झाल्यास ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, मात्र पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एक हजार आणि त्यावर असेल तर पाच हजार रुपये विलंब शुल्क पडू शकते, तोटा पुढे ओढता येत नाही आणि जुनी करपद्धती निवडण्याची संधी जाते. त्यानंतरही चुकलेले उत्पन्न जाहीर करायला चार वर्षांपर्यंत सुधारित स्वरूपाचे विवरणपत्र आहे, पण त्यातून परतावा मागता येत नाही.

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि 'कर वर्ष' ही संज्ञा आली. म्हणून या लेखात मी मुद्दाम कलमांचे आकडे दिलेले नाहीत. २०२५-२६ या वर्षाचे उत्पन्न मात्र जुन्याच कायद्याखालचे, हे ध्यानात असू द्यावे.

थोडक्यात

• भारतात फक्त एनआरई किंवा एफसीएनआर ठेवी : सहसा विवरणपत्राची गरज नाही.

• एनआरओ व्याज, थोडा लाभांश, एका घराचे भाडे : खात्याच्या संकेतस्थळावर आयटीआर-२ स्वतः भरावा.

• शेअर व फंडांचे भरपूर व्यवहार, करारातील सवलतीचा दावा : खाजगी प्रणालीची मदत घ्यावी आणि एकदा सी.ए.ची नजर फिरवून घ्यावी.

• घर-जमीन विक्री, वडिलोपार्जित मालमत्ता, पंधरा लाखांवर भारतीय उत्पन्न, भारतात १२० दिवसांहून जास्त मुक्काम, कायमचे परतणे, मोठी रक्कम बाहेर आणणे किंवा आलेली नोटीस : सी.ए. हवाच.

सी.ए. एकदा लावला की दरवर्षी लावलाच पाहिजे, असा नियम नाही. ज्या वर्षी घर विकाल त्या वर्षी त्याच्याकडे जा, पुढच्या वर्षी केवळ व्याज असेल तर स्वतः भरा. दर वर्षी ३१ मार्च झाला की बँकेचे उतारे, २६ एएस, भाडेकरार, घरपट्टीची पावती आणि प्रवासाच्या तारखांची वही एका फाइलमध्ये लावून ठेवावी. स्वतः भरा किंवा सल्लागाराकडे द्या, निम्मे काम त्या फाइलने केलेले असते. आणि घरातल्या वहिनींनाही ती फाइल कुठे आहे आणि संकेतस्थळावर प्रवेश कसा करायचा, हे दाखवून ठेवावे. अनेक घरांत ठेवी पत्नीच्या नावावर असतात आणि पडताळणीचा ओटीपीही तिच्याच फोनवर येतो.